लिनक्सवर झिप, रार आणि टार: उघडणं, बांधणं आणि मराठी नावं वाचवणं

प्रश्न थोडक्यात असा. चोपडा तालुक्यातल्या एका गावचं ‘ड’ वर्गाचं सार्वजनिक वाचनालय. दोन जुने संगणक. त्यांवर विंडोज ११ बसत नाही आणि १०चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, म्हणून कार्यवाहांनी दोन्हींवर लिनक्स मिंट टाकलं. वाचनालयाची जुनी इतिवृत्तं, दाखल नोंदवह्या आणि काही दिवाळी अंक जळगावच्या एका दुकानातून स्कॅन करून आणले, ते झिपमध्ये मिळाले. झिप उघडली की मराठी नावांच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात. एका देणगीदाराने दिलेल्या रार फाइल्स उघडतच नाहीत. एका प्रोग्रामची ‘टार.जीझेड’ फाइल उतरवली, तिचं काय करायचं ते कळत नाही. आणि ४० जीबीचं स्कॅनिंग झिप केलं तरी ३९ जीबीच राहतं. शेवटी विचारलंय, “यातला सगळ्यात चांगला फॉरमॅट कुठला, तेवढं सांगा.”

कार्यवाह, असा एकच फॉरमॅट नाही. फाइल समोर कोण उघडणार आहे, त्यावर तो ठरतो. किती एमबी वाचले हा विचार त्याच्या नंतरचा. विंडोजवाल्याला, मोबाइलवाल्याला किंवा पंचायत समितीच्या ऑफिसात पाठवायचं असेल तर झिप. लिनक्सवरून लिनक्सवर न्यायचं किंवा स्वतःपाशी जपून ठेवायचं असेल तर टार. रार आली तर उघडायची, आपण बनवायची नाही. सेव्हनझेड फक्त पासवर्डसाठी. एवढ्यात बहुतेकांचं काम भागतं, पण तुमच्या चारही अडचणींची कारणं वेगवेगळी आहेत, म्हणून एकेक घेतो.

आधी एक सूचना. कमांड मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितो आहे. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, त्या इंग्रजीच्या लहान अक्षरांत टाकायच्या. जिथे मोठं अक्षर लागतं तिथे मी तसं सांगेन.

टारपासून सुरुवात करू, कारण ते समजलं की बाकीचं सोपं जातं. विंडोजच्या सवयीत ‘झिप करणं’ हे एकच काम वाटतं. खरं तर त्यात दोन कामं आहेत. अनेक फाइल्स एकत्र बांधणं हे एक, आणि बांधलेलं दाबणं हे दुसरं. आपल्याकडच्या जिनिंग-प्रेसिंगच्या आवारात जसा सुटा कापूस आधी एका ठिकाणी जमा होतो आणि प्रेसखाली जाऊन त्याची गाठ नंतर होते, तसं. युनिक्सने ही दोन कामं पहिल्यापासून वेगळी ठेवली. टार फक्त जमा करतो. तो १९७९ सालच्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर आला, आणि तेव्हा त्याचं काम होतं फाइल्स चुंबकीय टेपवर चढवण्याचं. प्रत्येक फाइलच्या आधी ५१२ बाइटचं एक शीर्षक: नाव, मालक, परवानग्या, आकार, तारीख. मग फाइलचा मजकूर, तोही ५१२च्या पटीत भरून. मग पुढची फाइल. शेवटी शून्यांचे दोन ठोकळे. दाबणं अजिबात नाही. ते काम जीझिप, बीझिप२, एक्सझेड किंवा झेडस्टँडर्ड करतो, आणि तो कुठला हे नावाच्या शेपटीत दिसतं: .जीझेड, .बीझेड२, .एक्सझेड, .झेडएसटी.

ही टेपची चाल आजही कशी जाणवते ते सांगतो, कारण आपल्या भागात तिचा संबंध थेट वीज आणि नेटशी येतो. टारला मधे कुठे अनुक्रमणिका नसते. त्यातली शेवटची फाइल हवी असेल तर पहिल्यापासून सगळं उलगडत जावं लागतं. झिपचं उलटं. फिल कॅट्झने १९८९ मध्ये पीकेझिपबरोबर झिप आणली, तेव्हा प्रत्येक फाइल वेगळी दाबली आणि सगळ्यांची यादी फाइलच्या अगदी शेवटी ठेवली. त्यामुळे हजार फाइल्सच्या झिपमधून एकच फाइल चटकन काढता येते. पण रात्री डाउनलोड लावून झोपलात आणि ९० टक्क्यांवर वीज गेली, तर ती शेवटची यादीच आलेली नसते. मग झिप उघडतच नाही. ‘एंड ऑफ सेंट्रल डिरेक्टरी’ सापडत नाही अशी तक्रार करते. टार.जीझेड त्याच ठिकाणी तुटली तर ९० टक्क्यांपर्यंतच्या फाइल्स व्यवस्थित बाहेर येतात आणि मग ‘अनपेक्षित शेवट’ म्हणून थांबते. तुटलेल्या झिपसाठी ‘झिप -एफएफ तुटकी.झिप --आउट नवी.झिप’ हा इलाज आहे (इथे एफएफ मोठ्या अक्षरात). तो आत असलेल्या फाइल्सची शीर्षकं एकेक शोधून यादी पुन्हा बांधतो. बऱ्याचदा जमतं. त्याआधी ‘डब्ल्यूगेट -सी’ने डाउनलोड जिथे थांबलं तिथून पुढे चालू करून बघा, ते जास्त बरं.

तुमची टार.जीझेड उघडायला एवढंच: ‘टार -एक्सएफ फाइल.टार.जीझेड’. एक्स म्हणजे बाहेर काढ, एफ म्हणजे पुढे फाइलचं नाव आहे. जुन्या पुस्तकांत ‘-एक्सझेडव्हीएफ’, ‘-एक्सजेएफ’ अशी निरनिराळी रूपं दिसतील. काढताना ती पाठ करायची गरज आता उरलेली नाही, जीएनयू टार (लिनक्सवर असतो तो टार) स्वतः ओळखतो आत काय आहे ते. काढण्याआधी ‘टार -टीएफ’ने यादी मात्र नक्की पाहा. काही लोक फोल्डर न करता शेकडो फाइल्स उघड्याच बांधतात. त्या तुमच्या होम फोल्डरमध्ये सांडल्या की निवडत बसायला संध्याकाळ जाते. ‘--वन-टॉप-लेव्हल’ हा पर्याय जोडला की टार आधी त्या नावाचं फोल्डर करतो आणि सगळं त्यात टाकतो.

पण भाऊ, प्रोग्राम म्हणून टार.जीझेड उतरवायची वेळ मिंटवर सहसा येऊ नये. त्यात बहुतेकदा मूळ सोर्स कोड (प्रोग्रामरने लिहिलेला मजकूर) असतो, त्यापासून चालणारा प्रोग्राम आपणच तयार करावा लागतो. आधी सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये तोच प्रोग्राम शोधा. तिथून घेतलेला पुढे अपडेटही होत राहतो.

आता मराठी नावं. सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात. आधी धीराची गोष्ट: बिघडलेली फक्त नावं आहेत, आतली पानं जशीच्या तशी आहेत.

झिप जन्मली डॉसच्या काळात. त्या वेळी फाइलचं नाव म्हणजे ‘कोडपेज ४३७’मधले एकेक बाइट, अमेरिकन संगणकावरची २५६ चिन्हं. देवनागरी तिथे नव्हतीच. पुढे झिपच्या नियमात एक खूण घातली गेली, ती लावलेली असेल तर नाव यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांची एकच यादी, बाइटमध्ये लिहिण्याची पद्धत) आहे असं समजायचं. पण कित्येक प्रोग्राम नाव यूटीएफ-८ मध्ये लिहितात आणि खूण लावायला विसरतात. मग उघडणारा प्रोग्राम त्या बाइटना ४३७ समजून वाचतो.

कुठे काय चुकलं ते स्क्रीनवर काय दिसतंय यावरून ओळखता येतं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षर, काना, मात्रा, हलन्त तीन बाइट घेतं, आणि त्यातला पहिला बाइट कायम ई०, दुसरा ए४ किंवा ए५ असतो (हे सोळाच्या पद्धतीतले आकडे). कोडपेज ४३७मध्ये ई० म्हणजे ग्रीक अल्फा, आणि ए४, ए५ म्हणजे डोक्यावर लाट असलेला स्पॅनिश एन, लहान आणि मोठा. तेव्हा नावात दर तिसऱ्या जागी अल्फा आणि त्याच्या मागे लाटवाला एन दिसला, मधे चौकटीच्या रेषा दिसल्या, की समजायचं: नाव शाबूत आहे, वाचणाऱ्याने चुकीचा चष्मा लावलाय. ‘जळगाव’ लिहिलं असेल तर अल्फा बरोबर पाच वेळा येईल. ज, ळ, ग, काना आणि व.

अल्फाऐवजी डोक्यावर तिरपी रेघ असलेला मोठा ओ दिसत असेल तर कोडपेज ८५० वापरलं गेलंय. आणि तिरप्या रेघेचा लहान ए व त्यामागे चार टोकं फुटलेलं बारीक वर्तुळ असं पुन्हापुन्हा दिसत असेल, तर विंडोजचं १२५२. हे तिसरं जरा वाईट. १२५२मध्ये काही जागा रिकाम्या आहेत, त्यात ८डी आणि ८१ येतात. आपल्या हलन्ताचा शेवटचा बाइट ८डी, आणि ऱ्हस्व उकाराचा ८१. काही प्रोग्राम अशा ठिकाणी बाइट गाळूनच टाकतात. मग जोडाक्षरं आणि उकार परत मिळत नाहीत.

मात्र नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं किंवा अंडरस्कोर असतील, तर झिप बनतानाच नावं गेली. विंडोजमध्ये देवनागरीसाठी जुन्या पद्धतीचं कोडपेज कधी नव्हतंच, मराठी तिथे पहिल्यापासून फक्त युनिकोडमध्ये आहे. म्हणून जुन्या विंडोजचं ‘सेंड टू कॉम्प्रेस्ड फोल्डर’ देवनागरी नाव आलं की अडायचं. अशा झिपवर लिनक्समध्ये काही करून उपयोग नाही, दुकानदाराकडून पुन्हा बनवून घ्यावी लागेल. त्याला सेव्हन-झिप वापरायला सांगा. स्थानिक कोडपेजात न बसणारी नावं ते यूटीएफ-८ मध्ये खुणेसकट लिहितं.

अल्फावाल्या झिपसाठी इलाज सोपा आहे. बिघडलेलं फोल्डर बाजूला ठेवा आणि मूळ झिप पुन्हा उघडा: ‘अनझिप -ओ यूटीएफ-८ नोंदवह्या.झिप’. यातला ओ मोठा, लहान ओचा अर्थ वेगळा होतो. हा पर्याय मूळ अनझिपमध्ये नाही, डेबियन आणि उबुंटू या लिनक्सच्या वितरणांनी जोडला आहे, आणि मिंट उबुंटूवर उभं असल्यामुळे तुमच्याकडे तो आहे. हे जमलं नाही तर ‘उनार’ नावाचं पॅकेज टाका. ते नावांची भाषा स्वतः ताडतं, आणि नाही ताडता आली तर ‘-ई’ने सांगता येते.

मूळ झिप हाताशी नसेल, फक्त बिघडलेलं फोल्डर उरलं असेल, तर ‘कॉन्व्हएमव्ही’. ‘कॉन्व्हएमव्ही -आर -एफ यूटीएफ८ -टी सीपी४३७ फोल्डर’ असं चालवलं की तो चुकलेला प्रवास उलटा करतो. पहिल्यांदा तो काहीच बदलत नाही, नवं नाव काय होईल ते फक्त दाखवतो. यादीत ‘दाखल नोंदवही १९७४’ असं नीट दिसलं, तरच मागे ‘--नोटेस्ट’ जोडून पुन्हा चालवा.

नावांविषयी अजून दोन गोष्टी, कारण त्या फक्त आपल्यालाच भोवतात, इंग्रजीत नावं देणाऱ्याला नाही. लिनक्सच्या एक्सट४ फाइलसिस्टिममध्ये एका नावाला २५५ बाइट मिळतात. इंग्रजीत ती २५५ अक्षरं झाली, आपल्याकडे जेमतेम ८५, आणि त्यात काना-मात्रा-अनुस्वार-हलन्त सगळे वेगळे मोजायचे. नुसता ‘ग्रामपंचायत’ हा शब्द ११ जागा म्हणजे ३३ बाइट खातो. जुन्या टारच्या शीर्षकात नावाला १०० बाइट होते. आजचे टार लांब नावं दुसऱ्या मार्गाने सांभाळतात, पण दुकानदार ‘वार्षिक सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त आणि उपस्थित सभासदांची सही असलेली यादी’ अशी नावं देतो, ती पुढे कुठेतरी अडणारच. वर्ष आधी, मग दोन शब्द, पुरे.

दुसरी गोष्ट ‘ऱ’ची. ‘दऱ्या’, ‘बऱ्याच’ यांतला हा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एकच अक्षर म्हणून, किंवा साधा र आणि खाली नुक्ता म्हणून. डोळ्यांना दोन्ही सारखेच. संगणकाला ती दोन वेगळी नावं. कुणी जुन्या मॅकवरून फाइल दिली तर नाव दुसऱ्या प्रकारात येतं, आणि तुम्ही शोधता पहिल्या प्रकारात. फाइल समोर दिसते, शोधून सापडत नाही. ‘कॉन्व्हएमव्ही’लाच ‘--एनएफसी’ सांगितलं की सगळी नावं एका प्रकारात येतात.

आणि नावं बरोबर आहेत पण आतला मजकूर अगम्य आहे असं झालं, तर तो आर्काइव्हचा, म्हणजे झिप-टारसारख्या गठ्ठ्याचा, दोषच नाही. ती फाइल श्रीलिपी, शिवाजी किंवा कृतीदेवसारख्या युनिकोडपूर्व फाँटमध्ये टाइप केलेली असणार. ते वेगळं प्रकरण.

रारकडे वळतो. यूजीन रोशालचा हा फॉरमॅट १९९३चा, आणि तो खासगी मालकीचा आहे. उघडण्याचा सोर्स कोड मिळतो, पण त्यावरून रार बनवणारा प्रोग्राम तयार करायचा नाही, अशी त्याच्या परवान्यात अट आहे. म्हणून डेबियनने ‘अनरार’ मुक्त विभागात घेतलं नाही, ते ‘नॉन-फ्री’त आहे, उबुंटूत ‘मल्टिव्हर्स’मध्ये. नावात साम्य असलेलं ‘अनरार-फ्री’ वेगळं आहे आणि २०१३ नंतरच्या रार५ फाइल्सवर ते फार भरवशाचं नाही. तुमच्याकडे बहुधा तेच बसलेलं असेल, किंवा काहीच नसेल. ‘सुडो एपीटी इन्स्टॉल अनरार’ करा आणि ‘अनरार एक्स फाइल.रार’. इथे एक्सच्या जागी ई टाकलं तर आतली फोल्डरं मोडून सगळ्या फाइल्स एकाच ठिकाणी पडतात, तेव्हा एक्सच. ‘पार्ट१.रार, पार्ट२.रार’ असे तुकडे असतील तर सगळे एका फोल्डरमध्ये ठेवून फक्त पहिला उघडायचा. एक जरी तुकडा कमी असला तरी देणगीदाराला पुन्हा फोन करावा लागेल.

तरीही उघडली नाही तर ती मुळात रारच आहे का ते बघा. व्हॉट्सअॅपवर फाइल पाठवता येईना म्हणून लोक शेपटी बदलतात, पीडीएफचं रार करतात, रारचं झिप. लिनक्सवर शेपटीवर विसंबायची गरज नाही. ‘फाइल’ नावाचीच एक कमांड आहे, ती सुरुवातीचे बाइट वाचून सांगते. झिपच्या आरंभी पीके ही फिल कॅट्झची आद्याक्षरं असतात, बीझिप२च्या आरंभी बीझेडएच, रारच्या आरंभी रार हेच शब्द आणि उद्गारचिन्ह, जीझिपचे पहिले दोन बाइट १एफ आणि ८बी. गंमत म्हणून तुमच्या एखाद्या डॉकएक्स किंवा ओडीटी फाइलवर ‘अनझिप -एल’ चालवून बघा. ती आतून झिपच आहे. ईपब पुस्तकं आणि मोबाइलची एपीके फाइलसुद्धा.

४० जीबीचे ३९ का झाले, याचं उत्तर इथेच येतं. जेपेग फोटो आणि स्कॅनच्या पीडीएफ आधीच दाबलेल्या असतात. दाबणारा प्रोग्राम पुनरावृत्ती शोधतो, आणि जेपेगमध्ये ती उरलेलीच नसते. कितीही भारी फॉरमॅट घ्या, दोन-तीन टक्क्यांच्या पुढे फारसं हलणार नाही. दुकानदाराने न दाबलेल्या टिफ दिल्या असतील तर मात्र चांगला फरक पडेल. मराठी मजकुराच्या साध्या टेक्स्ट फाइल्स तर खूप दबतात. तीन बाइटमधले पहिले दोन तेच ते असल्यामुळे, यूटीएफ-८ मध्ये मराठी तिप्पट जागा खातं म्हणून जी ओरड असते, ती दाबल्यावर बरीचशी शमते.

म्हणून स्कॅन फोल्डर दाबूच नका. नुसतं ‘टार -सीएफ इतिवृत्त-१९७०-७९.टार फोल्डर’ करा, म्हणजे एक फाइल होईल, पटकन होईल आणि संगणक तापणार नाही. सगळ्या ४० जीबीची एकच टार करू नका. दशकागणिक किंवा नोंदवहीगणिक वेगळी ठेवा, म्हणजे एक खराब झाली तर बाकीच्या वाचतात.

दाबायचंच असेल, म्हणजे याद्या, टेक्स्ट, हिशेबाच्या सीएसव्ही, डेटाबेस, तर कुठला निवडायचा? जीझिप १९९२चा. त्या वेळी युनिक्सवरचं ‘कॉम्प्रेस’ पेटंटच्या वादात सापडलं, म्हणून ज्याँ-लू गायी आणि मार्क अॅडलर यांनी हा लिहिला. तो मागे फक्त ३२ किलोबाइटपर्यंत पाहतो, त्यामुळे दाबतो मध्यम, पण जगात कुठेही उघडतो. बीझिप२ला आता फारसं कारण उरलेलं नाही, एवढंच की तो ९०० किलोबाइटच्या स्वतंत्र ठोकळ्यांत काम करतो, त्यामुळे मधे खराबी झाली तर ‘बीझिप२रिकव्हर’ने बाकीचे ठोकळे निघतात. एक्सझेड सगळ्यात घट्ट दाबतो, पण जुन्या संगणकावर जपून. त्याच्या ९ नंबरच्या पातळीला दाबताना एका धाग्यामागे (एका वेळी चालणाऱ्या एका कामामागे) ६७४ एमबी रॅम लागते, ६ नंबरला ९४. चार कोर एकदम लावले तर हा आकडा त्या हिशेबाने वाढतो. ४ जीबी रॅमचा संगणक गोठतो, आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५च्या पुढे असताना धुळीने भरलेला पंखा ते काम झेपवत नाही. मशीन मधेच बंद पडतं आणि लोक व्हायरसला दोष देतात.

माझी निवड झेडस्टँडर्ड. यान कोले यांनी फेसबुकमध्ये असताना तो २०१६ मध्ये खुला केला. दाबतो जीझिपपेक्षा बरा, वेग कितीतरी जास्त, आणि उलगडताना तर फारच जलद. आर्च, फेडोरा, उबुंटू या वितरणांनी आपापली पॅकेजं त्याच्यात बांधायला सुरुवात केली ती उगाच नाही. ‘टार -सीएएफ याद्या.टार.झेडएसटी याद्या’ असं लिहा. मधला ए म्हणजे शेपटी पाहून दाबणारा निवड. २०१९ नंतरचा कुठलाही जीएनयू टार हे करतो. फक्त विंडोजवाल्याला देऊ नका, तो फोन करेल.

एक्सझेडचं नाव निघालं की कुणीतरी विचारतंच, ‘त्यात व्हायरस निघाला होता ना?’ मार्च २०२४ मध्ये त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या दोन आवृत्त्यांत चोरदार (बाहेरच्याला गुपचूप आत येऊ देणारा कोड) सापडलं होतं, हे खरं. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएच (दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरण्याची सोय) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, असा संशय आला आणि त्याने ते खणून काढलं. त्या आवृत्त्या मुख्यतः चाचणीच्या वितरणांतच पोचल्या होत्या आणि लगेच मागे घेतल्या गेल्या. .एक्सझेड फॉरमॅटमध्ये दोष नव्हता, तुमच्या जुन्या .एक्सझेड फाइल्सना काही झालेलं नाही.

पेनड्राइव्हवर ठेवताना आणखी एक अडचण येईल. बाजारातले बरेच पेनड्राइव्ह फॅट३२ असतात आणि त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी बसत नाही. ‘जागा आहे पण कॉपी होत नाही’ ते यामुळे. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, नाहीतर ‘स्प्लिट -बी ३९००एम मोठी.टार मोठी.टार.’ने तुकडे करा (एम मोठा) आणि परत जोडताना ‘कॅट मोठी.टार.* > मोठी.टार’. सगळ्या टार तयार झाल्या की त्याच फोल्डरमध्ये ‘शा२५६सम *.टार > यादी.टेक्स्ट’ करून ती यादी, म्हणजे प्रत्येक फाइलचा अंकी ठसा, सोबत ठेवा. वर्षातून एकदा, लेखापरीक्षणाच्या सुमारास म्हणा हवं तर, ‘शा२५६सम -सी यादी.टेक्स्ट’ चालवा. एक बाइट जरी बदलला असला तर ती फाइल कुठली ते कळेल. पण हे फक्त कळण्यापुरतं झालं. दुरुस्तीसाठी ‘पार२’ आहे: ‘पार२ क्रिएट -आर१०’ केलं की सुमारे १० टक्के जादा जागेत दुरुस्तीची माहिती तयार होते आणि पेनड्राइव्हचा एखादा भाग मेला तरी फाइल परत उभी करता येते. १९७०च्या दशकातली कागदी वही वाळवीने संपली की मग तुमच्याकडे हीच प्रत उरणार आहे, तेव्हा ४ जीबी त्यासाठी द्या. दोन पेनड्राइव्ह, वेगळ्या कंपनीचे, एक वाचनालयात आणि एक दुसऱ्या गावात.

बॅकअपसाठी सेव्हनझेड का नको, तर इगोर पाव्हलॉव्हचा हा फॉरमॅट लिनक्सवर फाइलचा मालक आणि गट कोण ते साठवत नाही. त्याच्या लिनक्स आवृत्तीच्या माहितीपानावरच हा इशारा दिलेला होता. शिवाय तो अनेक फाइल्स एकत्र करून सलग दाबतो. लहान होतो खरा, पण मधे खराबी झाली की मागच्या बऱ्याच फाइल्स घेऊन जातो.

अनोळखी आर्काइव्ह उघडताना रूट (संगणकाचे सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) होऊन उघडू नका. आत ‘../../’ अशी नावं घालून फाइल भलत्याच ठिकाणी टाकायची युक्ती जुनी आहे. २०१८ मध्ये ‘झिप स्लिप’ नावाने तिची बरीच चर्चा झाली. आजचे जीएनयू टार आणि अनझिप अशा वाटा स्वतःच तोडतात, पण कुणी लिहिलेली छोटी स्क्रिप्ट तोडेलच असं नाही. तसंच ४२.झिप नावाची प्रसिद्ध फाइल आहे, ४२ केबीची, थरावर थर उलगडत गेलं तर साडेचार पेटाबाइट. मोबाइलवर फिरणाऱ्या ‘सरकारी योजना.झिप’ची यादी आधी पाहा, आकाराचा स्तंभ वाचा, मग ठरवा.

तुम्ही विचारलं नाही, पण सभासदांच्या आधारच्या प्रती तुम्ही पासवर्ड लावलेल्या झिपमध्ये ठेवता असं त्याच पत्रात लिहिलंय. झिपचा जुना पासवर्ड, म्हणजे लिनक्सवर ‘झिप -ई’ने लागतो तो, फार कच्चा आहे. आतली एखादी फाइल आधीच माहीत असेल तर तो पासवर्ड न शोधताही मोडता येतो, आणि फाइलांची नावं तर उघडीच दिसतात. इथे मात्र सेव्हनझेड वापरा: ‘७झेड ए -पी -एमएचई=ऑन सभासद.७झेड फोल्डर’. त्यात एईएस-२५६ ही भक्कम कुलूपपद्धत आहे, आणि ‘एमएचई’मुळे आतली नावंही झाकली जातात, नाहीतर ‘अमुकअमुक आधार.जेपीजी’ एवढं नावच पुरेसं असतं. -पीच्या पुढे पासवर्ड लिहू नका, तो विचारेल तेव्हा टाका, म्हणजे टर्मिनलच्या इतिहासात राहणार नाही. जुनी झिप आणि मूळ फोल्डर त्यानंतर पेनड्राइव्हवरूनही काढा, आणि नवा पासवर्ड अध्यक्ष व कार्यवाह अशा दोघांपाशी कागदावर ठेवा. विसरलात तर तो मी किंवा कुणीही परत काढून देऊ शकणार नाही.